सिंदाकोच्या पट्ट्याची कुंची

आमचा मळा बडनेऱ्याच्या वाटेवर होता, अमरावतीची घरं संपली की डाव्या हाताला. त्या जागी आता काय उभं आहे ते पाहायला मी गेले नाही, आणि कोणी गाडीत घालून नेतो म्हटलं तरी जाणार नाही. माझ्या कानात अजून तिथली मोट वाजते. चाकाला तेल कमी पडलं की ती रडायची, आणि तेल घालून ती गप्प झाली की बाबांनाच करमायचं नाही. सकाळी कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की माय चूल पेटवायची. दुसऱ्या भोंग्यापर्यंत भाकरी, आंबाडीची भाजी आणि पाट्यावरचा ठेचा तयार. वांगी, मेथी, मुळा, कोथिंबीर आणि विहिरीच्या अंगाला झेंडू-शेवंती, एवढं आमचं राज्य. मी मुलींच्या शाळेत जायची. चौदा-पंधरा वर्षांची असेन, आणि शिवणाच्या तासाला माझ्याइतका बारीक टाका वर्गात कोणाचा नव्हता. हे फुशारकीने सांगत नाही. त्या टाक्यानेच पुढे सगळा घोळ केला, म्हणून सांगते.

बाबांचा गावात एक मान होता. नगरपालिकेत नवा अध्यक्ष बसला की पहिला हार आमच्या मळ्यातला जायचा. हा मान कोणी दिला नि कधी दिला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आजोबांपासून चालत आला होता. गुडघ्यापर्यंत रुळणारा पिवळाधमक हार बाबा पाटीत ओल्या फडक्याखाली घालून न्यायचे, कचेरीच्या पायरीवर शिपायाच्या हाती द्यायचे आणि तसेच परत फिरायचे. गळ्यात घालणारा दुसराच कोणी मोठा माणूस असायचा. बाबांनी असे सात अध्यक्ष पाहिले, पण त्यांतल्या एकालाही निवडलं नाही, कारण आमच्या घरात मत कोणालाच नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटायचंही नाही. "या खेपेचा गळा जाड हाये, दोन वीत वाढवा लागते," एवढंच त्यांचं राजकारण.

लढाई संपल्यावर आमच्याकडे किसनमामा राहायला आला. मायचा धाकटा भाऊ, तेल्हाऱ्याचा. जनावरांना त्याचा हात मानवायचा म्हणून पलटणीत खेचरांवर त्याची भरती झाली. वाळवंटात तो शत्रूच्या हाती सापडला, जहाजात घालून इटलीत नेला गेला, आणि मग दोन-अडीच वर्षं ना कागद ना सांगावा. तेल्हाऱ्याच्या भावांनी तो गेलाच असं धरून त्याच्या वाटणीची पट्टी पेरायलाही घेतली होती. तो जिवंत परतला तेव्हा त्यांना आनंद झाला, पण जरा अडचणीचा. दोन महिने तिकडे काढून मामा एक हिरवी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आमच्या दारात उभा राहिला. माय त्याला पाहून आधी रडली आणि मग, इतका वाळला कसा म्हणून, त्याच्यावरच चिडली.

मामा बोलका होता, पण त्याच्या काही गोष्टी चमत्कारिक होत्या. तो मक्याचं पीठ आधणात वैरून तासभर घोटायचा, तो गोळा पाटावर ओतायचा आणि दोऱ्याने त्याच्या वड्या कापायचा. "हे तं आपल्या कण्याईचंच भाऊबंद दिसते," माय म्हणायची, पण खायची मात्र आवडीने. टमाटं तो झाडावरून तोडून मीठ लावून खायचा, आणि जेवताना दाराकडे पाठ करून कधी बसायचा नाही. मळ्यात कोणतंही काम सांगा, मोट हाकणं, निंदणं, शेणखत ओढणं, तो नाही म्हणायचा नाही. फक्त वाफ्याला हात लावायचा नाही. वाफे बांधायचे, पाट काढायचे, एका वाफ्याचं पाणी फोडून दुसऱ्यात सोडायचं, या कामाची वेळ आली की मामा नाहीसा व्हायचा. बाबांना हे फार लागायचं. "साळ्याच्या हाताले पाटपाणी चावते काय?" ते म्हणायचे. मामा ऐकायचा आणि खाली मान घालून बैलांकडे जायचा.

दुपारी शेवंतीच्या राशीभोवती आम्ही हार गुंफायला बसायचो तेव्हा मामा तिकडच्या गोष्टी सांगायचा. त्याला दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा तिथल्या नगराध्यक्षांच्या गोष्टी सांगायला आवडायच्या, आणि हारवाल्या बाबांना त्या ऐकायला. शहर आपल्या अकोल्याएवढं, डोंगराच्या कुशीत. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांची नातवंडं असतील.

"लोकाईनं निवडला तो सिंदाको," मामा सांगायचा, "अन् वरून बसवला तो पोदेस्ता. मी गेलो तवा पंधरा-सोळा वर्सांपासून वरूनच बसवून राह्यले होते. जो होता तो काया सदऱ्याचा. बाजारातून चालला अन् कोणं टोपी नाई काढली का थोबाडलाच त्याले."

"अन् मंग?" बाबा विचारायचे.

"मंग राज्य उलटलं. तो पयाला, आमच्यावरचे पहारेकरीबी पयाले. मी आपला रस्ता धरून चालत सुटलो."

चालत चालत मामा त्या शहरात शिरला. एका गाडीचं खेचर लंगडत होतं. याने सवयीने त्याचा खूर उचलला आणि आत रुतलेला खडा काढला. मान वर केली तर समोर एक उंच, चष्मेवाला माणूस हे पाहत उभा. तो गावातला जनावरांचा डॉक्टर, मात्तेओ. तो काळ्या सदऱ्यावाला पळाल्यावर खुर्चीवर बसायला कोणी तयार होईना, पण पिठाच्या चिठ्ठ्यांवर सही करायला कोणीतरी हवं, म्हणून वरच्यांनी याला नेमला होता. त्याने मामाला आणि आणखी दोघा कैद्यांना आपल्या घराच्या माळ्यावर लपवलं. लोक त्याला सिंदाको म्हणायचे. तो म्हणायचा, मी सिंदाको नाही, मला कोणी निवडलेलं नाही.

"त्याले हार कोण घाले?" बाबांनी विचारलं.

"हार नाई तिकडं. पट्टा असते. खांद्यावरून असा." मामाने छातीवरून हात फिरवला आणि उठून बैलांना चारा घालायला गेला.

त्या पेटीत काय आहे ते मी एकदा पाहिलं होतं. मामा ओटीवर पेटी उघडून बसला होता, आणि त्याच्या मांडीवर हिरव्या, पांढऱ्या, लाल पट्ट्यांचं भारी रेशीम होतं, वीतभर रुंद, चार-साडेचार हात लांब, टोकांना सोनेरी गोंडे. मी हात लावायला गेले तर म्हणाला, "नको व पोरी. माह्यं नाई ते. ठेवाले देल्लं हाये." मी हे मायला सांगितलं. मायने आपला अर्थ लावला. मामा लग्नाला तयार नव्हता. दोन स्थळं त्याने परत धाडली होती. आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो अकोल्याला जायचा, एका पेन्शनीत निघालेल्या सुभेदाराकडे. का जातो विचारलं तर म्हणे, तिकडची बातमी काढायला. मायचा हिशेब जुळला. तिकडे एक मडम आहे, हा तिच्या झग्याचा पदर आहे, आणि मामा तिच्या निरोपाची वाट पाहतो आहे. आज हसू येतं, पण आमच्या घरात रेशीम दोनच कामांना माहीत होतं, सोवळ्याला आणि लग्नाला, आणि मामा सोवळ्यातला नव्हता.

त्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या भावाची बायको, शांतावहिनी, बाळंत झाली. मुलगा झाला. वहिनीला माहेर असून नसल्यासारखं होतं. आई लहानपणीच गेलेली, बाप कोणाच्या तरी दारात कामाला. बाळंतविडा काही आला नाही. बारसं चार दिवसांवर, आणि कापडावर कंट्रोल. दुकानात मिळायचं ते मांजरपाट, तेही चिठ्ठी दाखवून. पहिल्या नातवाला पाळण्यात घालायचं आणि डोक्यावर रेशमाची कुंची नाही, हे मायला सहन होईना. मामा तेव्हा अकोल्याला गेलेला होता. माय पेटीकडे पाहत म्हणाली, "यमू, काढ ते रेशीम."

"माय, मामा म्हणे ते त्याचं नाई."

"मंग कोनाचं? त्या मडमीचं. तिले काय करा लागते? लेकराच्या अंगावर चढलं का पवित्र व्हईन. अन् भावाचं मन ठिकाण्यावर येईन."

मला माझी टाळाटाळ सांगायची सोय नाही, कारण मी फारशी केलीच नाही. रेशीम हातात आलं आणि मी हरखून गेले. त्याचे सारखे चार तुकडे कापून एकाला एक जोडले तर कुंची बरोबर बसत होती, आणि टोकाला गोंडे. मनातल्या मनात बायका माझा टाका बोटाने चाचपून पाहताना मला दिसत होत्या. कापण्याआधी आतलं पांढरं अस्तर उलटलं, तर त्यावर बारीक अक्षरं दोऱ्याने भरलेली. पाच ओळी, प्रत्येकीचा धागा वेगळा, एक जुनाट तपकिरी, एक निळा. इंग्रजी शाळेची अक्षरं मला येत होती, पण शब्द लागेनात. नावं असावीत एवढं कळलं. लेकराच्या डोक्यावर परक्यांची नावं कशाला, म्हणून दोन दुपार बसून सुईच्या टोकाने मी ती एकेक टाका उसवली. कापडाला भोकसुद्धा दिसू दिलं नाही. मग कात्री चालवली.

बारशाला शेजारपाजारच्या बायका आल्या होत्या. घुगऱ्यांचा वास, पाळण्याला झेंडूच्या माळा, मुलाचं नाव वसंता ठेवलं, आणि कुंचीचं कौतुक व्हायचं तेवढं झालं. तेवढ्यात मामा आला. स्टेशनवरून चालत आला होता, धोतर धुळीने भरलेलं, आणि चेहऱ्यावर असं हसू की आम्ही तो आल्यापासून पाहिलं नव्हतं. बायकांची पर्वा न करता तो दारातूनच ओरडला, "बाई! तिकडं निवडणूक झाली! सुभेदारानं पेपरात वाचलं. गावोगाव सिंदाको बसले, लोकाईचे!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मायही हसली आणि म्हणाली, "भाच्याच्या पोराले तं पाय आधी." मामा पाळण्यावर वाकला.

तो ओरडला नाही. मला वाटतं ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कुंचीची कड दोन बोटांत धरली, उलटून अस्तर पाहिलं, मग दुसरी कड. मग माझ्याकडे न पाहताच विचारलं, "नावं कुठी हायेत?"

"उसवली," मी म्हणाले.

"धागे?"

"झाडून टाकले. उकिरड्यावर."

मामा बाहेर गेला. गोठ्यामागे आमचा उकिरडा होता. सगळ्या बायकांच्या देखत तो त्यात गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी शेण, पाचोळा, राख उपसू लागला. मी मागे उभी होते. मला वाटलं मी मेले तर बरं. त्याला एक निळा दोरा सापडला, वीतभरही नसेल. तो त्याने तळहातावर ठेवला आणि तसाच बसून राहिला. बाबा आले, त्यांनी त्याला खांद्याला धरून उठवलं आणि विहिरीवर नेऊन हात धुतले. बायका घुगऱ्या पदरात घेऊन निघून गेल्या.

त्याने बाळाच्या अंगावरून कुंची ओढून घेतली नाही. बारशाला चढलेलं वस्त्र उतरवू नये, एवढं त्यालाही वाटत होतं. ते काम केलं शांतावहिनीने, जिला आमच्या घरात मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओली बाळंतीण खोलीतून उठून ओटीवर आली आणि मामापुढे रेशमाचे चार तुकडे ठेवले. तिने शिवण स्वतः उसवली होती. "मामाजी, माह्या लेकराले कोनाच्या ठेवीचं नको," ती म्हणाली. माय काही बोलायला गेली, पण वहिनी तशीच उभी राहिली.

मग मामाने सांगितलं. मी त्याच्यासमोर बसले होते आणि वर पाहायची माझी छाती नव्हती.

पट्टा त्या शहराच्या सिंदाकोंचा होता. निवडून आलेला प्रत्येक जण अस्तरावर घरच्या बाईकडून आपलं नाव दोऱ्याने भरून घ्यायचा आणि पुढच्याच्या हाती पट्टा द्यायचा. शेवटचा सिंदाको म्हणजे मात्तेओ डॉक्टरचा बाप. त्यानंतर निवडणुकाच बंद झाल्या आणि म्हाताऱ्याने पट्टा कचेरीत न ठेवता घरी चादरींच्या घडीत दडवला. डॉक्टरने तो कधी अंगावर घातला नाही. आपलं नावही भरू दिलं नाही. मामा माळ्यावर लपून असताना संध्याकाळी उतरून त्यांच्या परसात काम करायचा. घरात तीन तोंडं जास्तीची, भाजी हवी. मामाने मनापासून परस लावला.

"मी वाफे बांधले," मामा म्हणाला. "आपल्यासारखे. दांड काढला, बारे पाडले, इकून पाणी फोडलं का शेवटच्या वाफ्यापावतर बरोबर जाये. त्याच्या घरवालीनं किती कौतुक केलं. तिकडं असे वाफे कोनी नाई बांधत, बाई. मले काय मालूम?"

जर्मन आले आणि त्यांच्यामागून तो काळ्या सदऱ्यावाला परत आला. त्याला त्याची खुर्ची हवी होती. एक दिवस तो डॉक्टरच्या कुंपणाशी उभा राहून परसाकडे बराच वेळ पाहत होता. डॉक्टरने खिडकीतून ते पाहिलं. तो काय पाहतो आहे ते त्याला कळलं. त्याने तिघांना मागच्या दाराने काढून दिलं, मामाच्या अंगाला सदऱ्याखाली तो पट्टा गुंडाळला, आणि सांगितलं, लोक ज्याला निवडतील त्याला दे. पत्ता लिहिलेला एक कागद त्याच्या मुलीने दिला. मामा डोंगरात चढला. चार दिवसांनी एका शेरड्या राखणाऱ्याने सांगितलं की सिंदाकोला कबरस्तानाच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या.

"माह्या वाफ्यानं मेला तो," मामा म्हणाला. नंतर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तू रडू नको. तुह्याबी हातानं चांगलंच काम केलं होतं. मले समजते ते."

आज माझं वय त्या वेळच्या मामाच्या दुपटीहून जास्त आहे, आणि ते वाक्य मी अजून पचवू शकलेली नाही. त्याने मला दोष दिला असता तर मी कधीतरी विसरले असते. त्याने मला आपल्याशेजारी बसवून घेतलं, आणि तिथून उठणं मला जमलं नाही. बाबा तर त्या दिवसापासून मामाला वाफ्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. पाणी फोडायची वेळ आली की तेच म्हणायचे, "किसना, बैल पाय जरा," आणि मामा जायचा.

पट्टा मी पुन्हा जोडला. आठ दिवस लागले. तीन ठिकाणी शिवणीचा उंचवटा राहिला; कितीही दाबला तरी बोटाला लागायचा. प्रश्न नावांचा होता. मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती नावं त्याने माळ्यावर बसून पाठ केली होती. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून एकेका नावावर त्याचं बोट ठेवायचा आणि कोणी विहीर बांधली, कोणी शाळा, ते सांगायचा. मामा आरतीसारखी म्हणायचा: पिएत्रो, सांते, लुइजी, ज्युलियो, आंजेलो. आडनावं त्याला येत नव्हती. ती होती, मी स्वतः उसवली होती, पण कुठली अक्षरं ते डोळ्यांपुढे येईना. मग नुसती नावं भरली, कानाला ऐकू आली तशी. तिसरं नाव उकिरड्यातल्या त्या निळ्या दोऱ्याने सुरू केलं. पहिल्या अक्षरालाच तो संपला.

पाचवं नाव पुरं करून मी सुई खाली ठेवली. मामा म्हणाला, "अजून एक."

"मामा, पाचच होती. मी मोजून काढली होती."

"मात्तेओ. लाव."

मी लावलं.

डॉक्टरच्या मुलीने दिलेल्या पत्त्यावर पार्सल गेलं, आणि पुढची वांगी निघेपर्यंत काही उत्तर आलं नाही. मधल्या काळात देशात काय काय झालं ते इतिहासात आहे. आमच्या मळ्यात एवढंच झालं की वसंता चालायला लागला आणि बाबांनी आणखी एका अध्यक्षाचा हार पोचवला. मग एक दिवस परदेशी तिकिटाचं पाकीट आलं. कॅम्पातल्या चर्चमध्ये एक म्हातारे फादर होते, त्यांना लॅटिन यायचं. त्या जोरावर अडखळत अडखळत त्यांनी आम्हाला ते वाचून दाखवलं. मामा त्यांच्या समोरच्या बाकावर, धुतलेलं धोतर नेसून, हात जोडून बसला होता.

पत्र नव्या सिंदाकोचं होतं. पट्टा पोचला, आभार मानले होते. नावं चुकीची लिहिली आहेत, पण दप्तरावरून ती ओळखता येतात, ती तशीच राहतील. मात्र एक अडचण होती. पट्ट्यावर फक्त निवडून आलेल्यांचं नाव असतं, हा तिथला रिवाज. सहाव्या गृहस्थांचा सगळ्या शहराला आदर आहे, पण ते नेमलेले होते. त्यांची निवड कोणी केली आणि त्यांना किती मतं पडली, एवढं कळवावं, म्हणजे नाव ठेवायचं की उसवायचं हे सभेपुढे मांडता येईल.

उसवायचं हा शब्द फादरांनी दोनदा उच्चारला. मला वाटलं ते माझ्याकडे पाहून म्हणताहेत.

घरी येऊन मी दौत-टाक घेऊन ओटीवर बसले. मामा उभाच होता. "लिव," तो म्हणाला. "निवडणूक झाली होती. त्याच्या परसात झाली. मी केली."

मी ते इंग्रजीत, शाळेत शिकवलं होतं तसं, मोठ्या अक्षरांत लिहिलं.

"किती मतं, ते विचारते ना तो? लिव, एक."

वऱ्हाडातल्या त्या माणसाला तोवर कुठेच मत नव्हतं, तेल्हाऱ्यात नव्हतं, अमरावतीत नव्हतं, इटलीत तर नव्हतंच. आपल्याकडे पुढे सगळ्यांना मतं मिळाली तेव्हा तो सकाळी आंघोळ करून अनवाणी रांगेत उभा राहायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि त्या निवडणुकीत इटलीत बायकांनीही पहिल्यांदाच मतं दिली होती, हे मला फार उशिरा, म्हातारपणी, नातीने वाचून दाखवलं तेव्हा कळलं. मी टाक हातात घेतला तेव्हा यातलं काही मला ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढं ठाऊक होतं की एक मत फार थोडं आहे, त्यावर ते नाव टिकायचं नाही, आणि ते उसवायला बसणारी बाईसुद्धा माझ्यासारखीच नीटनेटकी असेल.

मी 2 लिहिला.

मामाला आकडा ओळखू आला नाही. "लिवलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, लिहिलं. त्याच्या ठेवीला मी दुसऱ्यांदा न विचारता हात लावला होता, आणि या खेपेला ते त्याला कधीच सांगितलं नाही. त्या पत्राला उत्तर आलं नाही, त्यामुळे ते नाव तिथे आहे की नाही हे आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. मामाने अंगठ्याला शाई लावली. कुठे उठवू म्हणाला. मी त्या आकड्याच्या खालची जागा दाखवली आणि कागद हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला.